संगणकांची सावड : पडून असलेल्या क्षमतेचा सामाईक वापर



१. प्रास्ताविक

मराठी भाषा आणि संगणक यांचा विचार करताना 'वितरित संगणन' ही संज्ञा आपल्या वाचनात येते. काम वाटून दिलेले आहे, एवढेच ती सांगते. काम कोणाचे, यंत्रे कोणाची आणि ती कोणत्या अटींवर वापरावयाची, याविषयी ती मौन पाळते. या तंत्रात कळीचे प्रश्न मात्र हेच आहेत. त्यांचा उलगडा करणारे दोन शब्द मराठीच्या शेतीव्यवहारात पूर्वीपासून आहेत : इर्जिक आणि सावड.

२. दोन शब्द, दोन व्यवहार

एखाद्याचे शेत नांगरायचे राहिले, तर शेजारीपाजारी आपापली औते-बैल घेऊन येतात व काम उरकून देतात. मजुरी घेतली जात नाही. यजमान जेवण घालतो. ही इर्जिक होय. सावडीचे स्वरूप निराळे असते. ज्यांच्याजवळ पुरेसे बैल नाहीत असे शेतकरी आपले बैल एकत्र जुंपतात आणि पाळीपाळीने एकमेकांची शेते कसतात. इर्जिकीत मदत एका दिशेने जाते. सावडीत देणे आणि घेणे दोन्ही असते, म्हणून तिथे हिशेब लागतो.

संगणकाच्या क्षेत्रातही हे दोन्ही प्रकार आढळतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील 'सेटी ॲट होम' हा प्रकल्प १९९९ मध्ये सुरू झाला. अंतराळातून येणाऱ्या रेडिओ लहरींचे विश्लेषण जगभरातील स्वयंसेवकांच्या घरच्या संगणकांवर होत असे. काम एका यजमानाचे, यंत्रे इतरांची. ही इर्जिकच होती. मार्च २०२० मध्ये तिथे नवे काम वाटणे थांबले. याउलट, विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ पासून वापरात आलेली 'काँडॉर' ही प्रणाली सावडीच्या जातीची आहे. एकाच संस्थेतील रिकामे संगणक ती हेरते व रांगेतील कामे त्यांवर सोपवते. मालकाने कळफलकाला हात लावताच पाहुणे काम थांबते किंवा दुसरीकडे हलवले जाते. ज्याने अलीकडे अधिक यंत्रवेळ वापरला, त्याची पाळी मागे सरकते. सावडीचा हिशेब तो हाच.

३. प्रत्यक्ष रीत

आता वेळापूरचे उदाहरण घेऊ. माळशिरस तालुक्यातील हे गाव ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीमार्गावर आहे. येथील अर्धनारीनटेश्वराचे मंदिर आणि यादवकालीन मराठी शिलालेख अभ्यासकांना परिचित आहेत. समजा, येथील एखाद्या विद्यालयाने परिसराविषयीच्या जुन्या छापील पुस्तकांची ६,००० पाने छायाचित्रित केली आहेत. त्यांतील अक्षरे संगणकाकडून ओळखून घ्यावयाची आहेत. प्रत्येक पानाला २० सेकंद लागतात असे धरल्यास एका संगणकाला ३३ तास २० मिनिटे लागतील. प्रयोगशाळेतील १० संगणक जोडून पाने सारखी वाटली, तर हेच काम सुमारे ३ तास २० मिनिटांत, म्हणजे एका रात्रीत होईल. मध्येच वीज गेली किंवा एखादे यंत्र बंद पडले, तर अपुरी राहिलेली पाने दुसऱ्या यंत्राकडे द्यावयाची, एवढी नोंद समन्वयक संगणकाने ठेवावी लागते.

साठवणही अशीच सामाईक करता येते. प्रत्येक संगणकावर १५० जीबी जागा रिकामी असेल, तर एकूण १,५०० जीबी होते. परंतु प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या यंत्रांवर ठेवल्यास उपयोगाची जागा ५०० जीबीच उरते. कोणतीही दोन यंत्रे निकामी झाली तरी मजकूर हरवत नाही. गमावलेल्या जागेचा मोबदला तो हा.

४. मर्यादा

दहा नांगर दहा पट्टे एकाच वेळी नांगरू शकतात. पण नांगरट पुरी होण्यापूर्वी त्या पट्ट्यात पेरणी करता येत नाही. संगणकाच्या कामातही काही भाग असा एकामागून एकच करावा लागतो. जीन ॲम्दाल यांनी १९६७ मध्ये ही मर्यादा मांडली. कामाचा दहावा हिस्सा वाटता येत नसेल, तर १० यंत्रे लावूनही वेग दहापट होत नाही. तो सुमारे सव्वापाच पटच वाढतो. शिवाय रात्रभर चालणाऱ्या यंत्रांची वीज कोणीतरी भरत असते. पडून असलेली क्षमता फुकट नसते. दुसऱ्याच्या यंत्रावर खाजगी मजकूर ठेवताना तो कूटबद्ध करणेही आवश्यक ठरते.

५. समारोप

मराठीतील ग्रंथ व बोलींचे नमुने संगणकीय रूपात आणण्याचे काम अफाट आहे. त्यासाठी प्रत्येक लहान संस्थेला मोठी यंत्रे परवडणार नाहीत. परंतु असलेली यंत्रे त्या जोडू शकतील. तारा जोडणे त्या मानाने सोपे आहे. मालकाचा पहिला हक्क, पाळी आणि खर्चाची वाटणी आधी ठरली नाही, तर जाळे असूनही सावड मोडते. 'वितरित' म्हटले की लक्ष यंत्रांकडे जाते. 'सावड' म्हटले की माणसांमधील कराराकडे जाते. म्हणून पारिभाषिक शब्द निवडताना तो कोणते प्रश्न पुढे आणतो आणि कोणते झाकतो, हे आपण तपासले पाहिजे.

स्वाध्याय : आपल्या परिसरात परस्परसाहाय्याच्या शेतकामासाठी कोणते शब्द वापरले जातात? त्यांपैकी एकाचा अर्थ स्पष्ट करून तो संगणकीय व्यवहाराला कितपत लागू पडतो, हे सोदाहरण लिहा.