नापास होण्याआधी

अमेरिकेतल्या एका प्राथमिक शाळेत मी वाचनात अडणाऱ्या मुलांना शिकवते. हा तिथला एक दिवस.

7:40. दारातच 'चेक-इन'. दुसरीतला एक मुलगा त्याचं कार्ड घ्यायला येतो. दिवसभर शिक्षिका त्यावर 0, 1 किंवा 2 गुण देतात: आदराने बोललास का, काम केलंस का. आज त्याचा चेहरा उतरलेला. "नाश्ता केलास?" तो मानेनेच नाही म्हणतो. मग आधी कॅफेटेरिया, वर्ग नंतर.

8:30. डिबेल्सचे आकडे बघते. वर्षातून तीनदा प्रत्येक मुलाची ही छोटी वाचन-चाचणी होते, कुणाची तक्रार नसली तरीही. ढोबळ अपेक्षा अशी, की शंभरातल्या ऐंशींना वर्गातलं चांगलं शिकवणं पुरेल, पंधरांना लहान गट लागेल आणि पाचांना स्वतंत्र मदत. पण पहिलीच्या एका वर्गात निम्मी मुलं मागे आहेत. सगळ्यांना माझ्याकडे पाठवून काय होणार? निम्मा वर्ग अडतो तेव्हा आधी शिकवण्यात बदल करायला हवा. वर्गशिक्षिका आणि मी रोजच्या पाठात ध्वनींचा सराव वाढवायचं ठरवतो.

10:00. चौघांचा गट. "'कॅट'मधला 'क' काढला तर?" एक मुलगी पुटपुटत बोटांवर ध्वनी मोजते, एक बोट मिटते आणि ओरडते, "ॲट!" महिन्याभरापूर्वी ती या प्रश्नाला गप्प बसायची.

1:30. बैठक. तिसऱ्या पायरीवरच्या, म्हणजे स्वतंत्र मदत घेणाऱ्या एका मुलाचा प्रगतीचा आलेख कित्येक आठवडे झाले तरी हलत नाही. समुपदेशक त्याच्या गैरहजेरीचे दिवस पुढे ठेवतात. शिकवणीचे तास वाढवण्याआधी घरी फोन करायचं ठरतं.

3:10. 'चेक-आउट'. सकाळच्या मुलाच्या कार्डावर दुपारनंतर सगळे 2.

पूर्वी विशेष शिक्षणाची मदत मिळायला बुद्ध्यंक आणि प्रगती यांत मोठी तफावत दिसावी लागे, आणि तोवर मुलं वर्षानुवर्षं ताटकळत. ही अट राज्यांनी सक्तीची करू नये, असं विशेष शिक्षणाविषयीच्या 2004च्या केंद्रीय कायद्याने ठरवलं.

इथल्या मराठी आईबाबांना सांगते: मूल गटात गेलं तर तो डाग समजू नका, त्याचा आलेख मागा. अपंगत्वाची शंका असेल तर तपासणीची मागणी लेखी करा. "आधी गटातले आठवडे पूर्ण होऊ द्या" या कारणावर शाळेला ती लांबवता येत नाही. 2011 मध्ये केंद्रीय शिक्षण विभागाने हे स्पष्ट केलं आहे.