आगमनकाळ: चाकावर लावलेलं वाट पाहणं

नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा काळ म्हणजे आगमनकाळ. लॅटिन ‘अ‍ॅडव्हेंटस’, म्हणजे येणं. यात वाट दोन गोष्टींची पाहिली जाते: येशूच्या जन्माची आणि त्याच्या पुनरागमनाची. दुसरी आपण फार पटकन विसरतो.

मला या काळातलं सगळ्यात आवडतं ते मेणबत्त्यांचं कडं. त्याची गोष्ट हॅम्बुर्गची. योहान हिनरिख विखर्न हे पाळक तिथे गरीब मुलांचं वसतिगृह चालवत. मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? १८३९ मध्ये त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटायची. उजेड वाढताना पाहून मुलांना दिवस मोजता यायचे. वाट पाहणं म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे, हे मला या चाकाइतकं स्पष्ट कुठेच दिसलं नाही.

आता कड्यावर बहुधा चारच मेणबत्त्या असतात. कॅथलिक चर्चमध्ये तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी पेटते तिसऱ्या रविवारी, कारण तो आनंदाचा रविवार. यंदा चर्चमध्ये गेलात तर ती नक्की बघा.