छोट्या पडद्याच्या भरवशावर मोठा पडदा

1971 मध्ये दादा कोंडके यांच्या 'सोंगाड्या'ला दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात जागा मिळावी म्हणून शिवसेनेला मैदानात उतरावे लागले. 2015 च्या एप्रिलमध्ये राज्य सरकारला मल्टिप्लेक्सच्या मालकांना बजावावे लागले की मराठी चित्रपट मोक्याच्या वेळेला लावा. त्यावर बरीच खडाजंगी झाली आणि मोक्याची वेळ म्हणजे दुपारी 12 ते रात्री 9 अशी ऐसपैस व्याख्या करून सगळ्यांनी आपापली अब्रू राखली. मधल्या 44 वर्षांत मराठी चित्रपट पार बदलला, पण तयार झालेला चित्रपट लोकांपर्यंत पोचवायचा कसा, ही अडचण होती तशीच राहिली. आणि बरोबर एका वर्षाने, 29 एप्रिल 2016 रोजी 'सैराट' लागला. सुमारे 4 कोटींत झालेल्या या चित्रपटाने 100 कोटींच्या वर गल्ला जमवला. मराठीत हे पहिल्यांदाच घडत होते, आणि त्यासाठी ना मोर्चा निघाला ना फतवा. नागराज मंजुळे यांची ताकद आणि अजय-अतुल यांची गाणी ही कारणे उघडच आहेत. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या तिसऱ्या कारणाची चर्चा मात्र कमी होते. हा चित्रपट बाजारात आणणारी झी ही कंपनी मुळात टीव्हीच्या वाहिन्या चालवणारी होती. झीने मराठी चित्रपटात जे साधले ते पैशाच्या किंवा अभिरुचीच्या जोरावर साधले, असे मला वाटत नाही. तिच्याकडे घराघरांतला दुसरा पडदा होता आणि त्यामुळे तिला थांबणे परवडत होते. चित्रपटाचा धंदा या दुसऱ्या पडद्यापासून तुटला की वाहिनीचे बळही सरते.

हे पटण्यासाठी वितरण म्हणजे काय ते थोडे पाहायला हवे. निर्माता चित्रपट तयार करतो, वितरक तो चित्रपटगृहांत लावतो. वितरक कधी ठरावीक रक्कम आधीच मोजून जोखीम अंगावर घेतो, त्याला मिनिमम गॅरंटी म्हणतात. कधी नुसत्या कमिशनवर काम करतो आणि जोखीम निर्मात्याच्या गळ्यात ठेवतो. नवख्या मराठी निर्मात्याच्या वाट्याला बहुधा दुसरा प्रकार येतो. त्याची सगळी पुंजी चित्रीकरणात संपलेली असते, जाहिरातीला हात आखडता घ्यावा लागतो. शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत खुर्च्या भरल्या नाहीत की सोमवारी खेळ कमी होतात आणि पुढच्या शुक्रवारी हिंदीचा मोठा चित्रपट आला की उरलेलेही जातात. लोकांच्या तोंडून चित्रपटाची कीर्ती पसरेपर्यंत चित्रपटच जागेवर नसतो. वाहिनी या खेळात उतरली की तीन गोष्टी बदलतात. जाहिरातीसाठी तिला बाहेर पैसे मोजावे लागत नाहीत. मालिकांच्या मधल्या, न विकल्या गेलेल्या सेकंदांत प्रोमो फिरत राहतो. चित्रपट टीव्हीवर दाखवण्याचे, म्हणजे सॅटेलाइट हक्क घरातच राहतात, म्हणून तिकीटबारीवर मार बसला तरी हिशेब तिथे मिटत नाही. आणि तो चित्रपट पुढची कित्येक वर्षे सणासुदीला, रविवारी दुपारी, कधी रात्री उशिरा जाहिराती मिळवत राहतो. ज्याला सोमवारी सकाळीच नफा-तोटा मांडावा लागतो त्या वितरकापेक्षा असा मालक वेगळा विचार करतो.

झीची मराठी वाहिनी 1999 मध्ये अल्फा या नावाने सुरू झाली, 2005 मध्ये तिची झी मराठी झाली आणि 2007 मध्ये झी टॉकीज ही केवळ मराठी चित्रपटांची वाहिनी आली. निर्णायक पाऊल हेच, असे मी मानतो. चोवीस तास चित्रपट दाखवणारी वाहिनी म्हणजे सदा पेटती चूल. तिला सरपण लागतच राहते. जुन्या मराठी चित्रपटांचा साठा मर्यादित, त्यातल्या अनेकांचे हक्क कुणाकुणाकडे विखुरलेले. मग स्वतःच चित्रपट काढणे ओघाने आले. 'साडे माडे तीन' आणि 'दे धक्का' ही सुरुवातीची उदाहरणे हमखास विनोदाची होती. 2010 च्या पहिल्याच दिवशी आलेल्या 'नटरंग'ने मात्र चाल बदलली. आनंद यादवांच्या कादंबरीतला पिळदार शरीराचा गुणा तमाशात नाच्या होतो, ही गोष्ट ऐकून जुन्या वितरकाने कपाळाला आठ्या घातल्या असत्या. 2014 ची यादी तर आणखी बोलकी आहे. जानेवारीत 'टाइमपास', फेब्रुवारीत 'फँड्री', जुलैत 'लय भारी', नोव्हेंबरमध्ये 'एलिझाबेथ एकादशी'. शाळकरी प्रेमाचा धमाल चित्रपट, जातीच्या जखमेवर बोट ठेवणारा, रितेश देशमुखचा मारधाडपट आणि पंढरपुरातल्या पोरांची सायकल: या चौघांना जोडणारी एक अभिरुची शोधून सापडत नाही. वाहिनीला सगळ्या तऱ्हेचे प्रेक्षक लागतात, म्हणून तिला सगळ्या तऱ्हेचे चित्रपट लागतात, एवढेच त्यामागचे सूत्र दिसते. त्याच वर्षी झी मराठीवर 'चला हवा येऊ द्या' हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला आणि नव्या चित्रपटाच्या चमूला महाराष्ट्रभरच्या घरांत हसतखेळत बसायला जागा मिळाली. तेवढा वेळ पैसे मोजून विकत घ्यायचा तर बहुतेक मराठी निर्मात्यांचे अख्खे बजेट पुरले नसते.

थांबण्याची ताकद म्हणतो ती 'किल्ला'च्या प्रवासात दिसते. अविनाश अरुण यांचा हा चित्रपट 2014 च्या फेब्रुवारीत बर्लिन महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाचे पारितोषिक घेऊन आला आणि चित्रपटगृहांत लागला तो 2015 च्या जूनमध्ये. सोळा महिने पैसा अडकवून ठेवणे व्याजाने रक्कम उचललेल्या निर्मात्याला झेपत नाही. 'सैराट'च्या बाबतीत या ताकदीला आणखी फाटे फुटले. गाणी झीच्याच संगीत कंपनीकडे होती. मराठीत चित्रपट गाजल्यावर त्याचे कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली अवतार निघाले, आणि 2018 चा हिंदी 'धडक' झी स्टुडिओजने धर्मा प्रॉडक्शन्ससोबत काढला. एकच कथा तिकीटबारीवर, टीव्हीवर, गाण्यांत आणि पुनर्निर्मितीत अशी पुनःपुन्हा विकली गेली. करमाळ्याच्या मातीतल्या गोष्टीचे उदयपूरमध्ये काय झाले, हा वेगळा आणि जरा दुःखाचा विषय आहे.

वाहिनीने चित्रपटात उतरणे हा काही आपला शोध नव्हे. ब्रिटनमधली चॅनेल 4 ही वाहिनी 1982 च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली आणि पहिल्याच रात्री तिने स्टीफन फ्रिअर्स यांचा, स्वतः पैसे घातलेला 'वॉल्टर' हा चित्रपट दाखवला. जेरेमी आयझॅक्स हे वाहिनीचे प्रमुख आणि डेव्हिड रोझ चित्रपटांचे. कमी पैशांत पुष्कळ चित्रपट, नवे लेखक, आणि वाहिनीवर दाखवण्याचा हक्क आपला, असे त्यांचे साधे धोरण होते. 'माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट' हा हनीफ कुरेशींनी लिहिलेला चित्रपट टीव्हीसाठी म्हणून 16 मिलिमीटरवर चित्रित झाला, एडिंबरा महोत्सवात गाजला आणि मग चित्रपटगृहांत गेला. हे धाडस शक्य झाले, कारण 1992 अखेरपर्यंत चॅनेल 4 ला स्वतः जाहिराती विकाव्या लागत नव्हत्या. आयटीव्हीच्या कंपन्या तिच्या जाहिराती विकत आणि तिला ठरलेला निधी देत. पुढे 'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' आणि 'ट्रेनस्पॉटिंग'चे यश डोक्यात गेले म्हणावे अशी पावले पडली. 1998 मध्ये फिल्मफोर ही वेगळी कंपनी काढून निर्मिती, वितरण, परदेशी विक्री असा सगळा पसारा मांडला, हॉलिवूडशी करार केले, बजेट फुगवली. केट ब्लँचेट असलेला 'शार्लट ग्रे' पडला, इतर काही पडले, आणि 2002 च्या जुलैमध्ये ती कंपनी गुंडाळून चित्रपटाचे खाते पुन्हा वाहिनीच्या पोटात घ्यावे लागले. टेसा रॉस यांनी आटोपशीर पैशांत सांभाळलेल्या याच खात्याने नंतर मुंबईत चित्रित झालेल्या 'स्लमडॉग मिलियनेअर'मध्ये पैसा घातला आणि त्या चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली. माणसे हुशार आधीही होती आणि नंतरही होती. मधल्या चार वर्षांत फरक पडला तो एवढाच, की चित्रपटाने वाहिनीशिवाय स्वतःच्या पायावर कमवावे अशी अपेक्षा धरली गेली.

आपल्याकडे एवढा मोठा अपघात झालेला नाही, पण त्याची छोटी आवृत्ती 2022 च्या दिवाळीत पाहायला मिळाली. झी स्टुडिओजचा 'हर हर महादेव' मराठीसह पाच भाषांत लावण्यात आला. तामिळ किंवा तेलुगू प्रेक्षकाच्या घरात झी मराठीचे प्रोमो दिसत नाहीत. तिथे झी स्टुडिओज ही अनेकांतली एक कंपनी. मराठीबाहेर तो चित्रपट फारसा चालला नाही. तीन महिने उलटायच्या आत त्याच कंपनीने परेश मोकाशींचा 'वाळवी' आणला. मोजकी पात्रे, काळा विनोद, नायकाला नायक म्हणावे की नाही अशी पंचाईत. त्याला चांगला प्रतिसाद मिळाला, पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. वाहिनीचा प्रेक्षक आणि चित्रपटाचा प्रेक्षक एकच असतो तिथे वाहिनीचा शब्द चालतो. हिंदीत 'गदर'सारखी यशे झीच्या नावावर आहेतच, पण तिथला खेळ ताऱ्यांच्या मानधनाचा आहे आणि त्यात वाहिनीला काही विशेष सवलत मिळत नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की वाहिनीच्या हातात चित्रपट गेला की त्याची मालिका होते. तो पूर्णपणे खोटा नाही. प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र मिळालेला चित्रपट टीव्हीवर तसाच्या तसा दाखवता येत नाही, त्यामुळे घरात सगळ्यांसमोर चालेल ना, हा प्रश्न पटकथेच्या टेबलावर बसूनच असतो. पण 'फँड्री'तला जब्याने भिरकावलेला दगड आणि 'सैराट'चा शेवट याच व्यवस्थेतून बाहेर पडले. मालिका रोज टीआरपीच्या तागडीत बसते. चित्रपटाला ती चिंता नसते, निदान नसायला हवी. दुसरा आक्षेप म्हणजे 'सैराट' काय, कुणीही आणला असता तरी चालला असता. चौथ्या दिवसापासूनची गर्दी चित्रपटाने स्वतः कमावली, हे मान्य. पहिल्या तीन दिवसांची गर्दी मात्र प्रसिद्धी आणते आणि पडद्यांची संख्या वितरकाचे वजन ठरवते. चौथा दिवस न पाहिलेले चांगले मराठी चित्रपट कितीतरी आहेत.

तिसरा आक्षेप खरा जड आहे. ज्याच्या हाती वाहिनी, त्याचाच चित्रपट दिसणार. इतरांनी काय करायचे? जुन्या काळी निर्माता वितरकाच्या दारात उभा राहायचा, आता वाहिनीच्या. सॅटेलाइट हक्क विकले जाणार नाहीत अशी कुणकुण लागली तर प्रदर्शनालाही पैसे मिळत नाहीत. काही काळ यावर स्पर्धा हा उतारा होता: कलर्स मराठीमागच्या व्हायाकॉम 18 ने 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' आणला, स्टारने 2022 मध्ये प्रवाह पिक्चर ही चित्रपटवाहिनी काढली. पण 2024 च्या नोव्हेंबरमध्ये व्हायाकॉम 18 आणि स्टार एकाच छत्राखाली आले, म्हणजे मोठ्या गिऱ्हाइकांतले एक कमी झाले. फ्रान्सने हा प्रश्न कायद्याने हाताळला. तिथे वाहिन्यांना उलाढालीचा ठरावीक हिस्सा चित्रपटनिर्मितीत घालावाच लागतो आणि त्यातला मोठा भाग स्वतंत्र निर्मात्यांकडे जावा लागतो. आपल्याकडची वाहिनी भागधारकांना उत्तरदायी आहे, तिच्यावर असे बंधन नाही. तिने 'किल्ला' घेतला तो तिला परवडला म्हणून; उद्या परवडला नाही तर तिला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

आणि परवडण्याचे गणित बदलते आहे. ओटीटी आल्यापासून चित्रपट घरबसल्या लवकर दिसतो, टीव्हीवरच्या प्रीमियरची नवलाई ओसरली आणि सॅटेलाइट हक्कांचे भाव उतरले. झीचे स्वतःचे झी5 हे व्यासपीठ 2018 पासून आहे, म्हणजे दुसरा पडदा हातात आहेच. पण त्याचा स्वभाव निराळा आहे. वाहिनीवर एखादा चित्रपट दहा वर्षे रविवारी लागून हळूहळू लाडका होतो. ओटीटीवर पहिल्या आठवड्यात किती जणांनी तो शेवटपर्यंत पाहिला, याचा आकडा सगळे ठरवतो. म्हणजे चित्रपटगृहातल्या सोमवार सकाळची घाई आता घरच्या पडद्यावरही पोचली. थांबणे परवडेनासे झाले की वाहिनी आणि साधा वितरक यांत फरक उरत नाही.

घाई नसलेली एक वाहिनी आपल्याकडे होती. मीरा नायर यांच्या 1988 च्या 'सलाम बॉम्बे'मध्ये एनएफडीसी या सरकारी चित्रपट महामंडळाबरोबर दूरदर्शनचा पैसा होता, आणि गंमत म्हणजे चॅनेल 4 चाही. कान महोत्सवात त्याला कॅमेरा द'ओर मिळाला, ऑस्करचे नामांकन मिळाले. चॅनेल 4 ने त्या वाटेची सवय लावून घेतली, दूरदर्शनने नाही. दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी आजही मराठी चित्रपट दाखवते, पण ते कुणाकडून तरी घेतलेले. राज्य सरकार तयार चित्रपटाचा दर्जा ठरवून अनुदान देते. ते निर्मात्याची भरपाई करते, चित्रपटाला दुसरा आठवडा मिळवून देत नाही. त्याच पैशातला काही वाटा प्रदर्शनाच्या खर्चासाठी आगाऊ ठेवला आणि बदल्यात सह्याद्रीला त्या चित्रपटाचे पाच-दहा वर्षांचे प्रक्षेपण हक्क मिळाले, तर नव्या खर्चाशिवाय दुसरा पडदा असलेले एक गिऱ्हाईक बाजारात वाढेल. त्यासाठी राज्याचे सांस्कृतिक खाते आणि दूरदर्शन चालवणारी केंद्राची प्रसार भारती यांनी एका करारावर सही करायला हवी. तो मसुदा कुणी लिहिल्याचे अद्याप ऐकिवात नाही.