अणुकेंद्राचा आकार आणि गॅमा किरणांची साक्ष

कुंभाराकडून मडके घेताना गिऱ्हाईक ते बोटाने वाजवून पाहते. खणखणीत नाद निघाला तर मडके पक्के. आवाज बद्द आला तर, तडा डोळ्यांना दिसला नाही तरी, तो आहे हे कळते. अणुकेंद्राच्या बाबतीत शास्त्रज्ञांची अडचण याहून बिकट असते. ते अणूच्या साधारण दहा हजाराव्या हिश्शाएवढे लहान असते आणि कोणत्याही सूक्ष्मदर्शकातून त्याचा आकार दिसत नाही. तरीही काही अणुकेंद्रे वाटोळी नसून लांबट आहेत, असे पदार्थविज्ञान निश्चयाने सांगते. या निश्चयामागे फार मोठा आधार आहे तो केंद्रातून निघणाऱ्या गॅमा किरणांच्या मोजमापाचा.

अणुकेंद्राला ऊर्जा मिळाली की ते उत्तेजित होते. पण हवी तितकी ऊर्जा ते घेत नाही. जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे त्याच्या ऊर्जापातळ्या ठरलेल्या असतात. वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येताना दोहोंमधील फरक बहुधा गॅमा किरणाच्या रूपाने बाहेर पडतो. म्हणून किरणांच्या ऊर्जा अचूक मोजल्या, तर बेरीज-वजाबाकीने सारा जिना उभा करता येतो. या अभ्यासास गॅमा वर्णपटशास्त्र म्हणतात.

एर्बियम-१६६ या केंद्राचे उदाहरण घेऊ. त्यात ६८ प्रोटॉन व ९८ न्यूट्रॉन असतात. किरणोत्सारी होल्मियमपासून ते तयार होते, तेव्हा ८०.६ आणि १८४.४ किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे किरण एकापाठोपाठ मिळतात. म्हणजे पहिली पायरी ८०.६ वर, तर दुसरी या दोहोंच्या बेरजेवर, म्हणजे २६५.० वर. आता २६५.० ला ८०.६ ने भागले असता सुमारे ३.२९ येते. लांबट वस्तू स्वतःभोवती फिरत असेल, तर हे गुणोत्तर ३.३३ च्या जवळ असावे, असे पुंजसिद्धांत सांगतो. वाटोळे केंद्र नुसते थरथरत असते, तर ते २ च्या आसपास आले असते. पूर्ण वाटोळे केंद्र फिरले काय आणि न फिरले काय, फरक ओळखूच येत नाही. त्यामुळे त्याला फिरण्याच्या पातळ्या नसतात. एका साध्या भागाकाराने एर्बियमचे केंद्र लांबट ठरते, ते असे.

असे केंद्र फिरताना कंपही पावते. त्याच्या कमरेचा गोल छेद एका दिशेने दबतो, लगेच दुसऱ्या दिशेने दबतो. यास गॅमा कंपन म्हणतात. (गॅमा किरणांशी या नावाचा काही संबंध नाही, एकाच ग्रीक अक्षराचा हा योगायोग विद्यार्थ्यांना नेहमी चकवतो.) एर्बियम-१६६ मध्ये या कंपनाची पातळी ७८५.९ वर आहे. तिथून एक किरण थेट तळाशी येतो, त्याची ऊर्जा ७८५.९, दुसरा पहिल्या पायरीवर थांबतो, त्याची ७०५.३. दोहोंतील फरक पुन्हा ८०.६ च भरतो आणि पातळीची जागा पक्की होते.

हे मोजमाप करणारे जर्मेनियमचे डिटेक्टर द्रवरूप नायट्रोजनने अतिशय थंड ठेवावे लागतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बी. व्ही. थोसर यांच्या गटाने विसाव्या शतकाच्या मध्यानंतर या विषयाचा पाया घातला. त्याच आवारात १९८८ पासून पेलेट्रॉन हा प्रवेगक कार्यरत झाला. त्यातून येणारा आयनांचा झोत पातळ पत्र्यावर आदळवून वेगाने फिरणारी केंद्रे निर्माण करतात. त्यांचे किरण टिपण्यासाठी ‘इंडियन नॅशनल गॅमा अ‍ॅरे’ या जाळ्यात जास्तीत जास्त २४ डिटेक्टर बसवता येतात. प्रत्येकात चार स्फटिक चारपानी पाल्यासारखे जोडलेले असतात. ही यंत्रणा मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथील संस्थांनी आळीपाळीने वापरली, ही गोष्ट काटकसरीपेक्षाही सहकार्याची खूण म्हणून महत्त्वाची वाटते.

लांबट केंद्रांचा हा सिद्धांत मांडण्यासाठी आगे बोर, बेन मॉटलसन आणि जेम्स रेनवॉटर यांना १९७५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात बीटा कंपन नावाचा आणखी एक प्रकार सांगितला आहे: केंद्र लांबीच्या दिशेने ताणले जाते व आखडते. जुनी पुस्तके त्याचे वर्णन गॅमा कंपनाइतक्याच खात्रीने करतात. परंतु तसे कंपन असेल, तर त्या पातळीवरून खालच्या फिरत्या पातळ्यांकडे जोरकस किरण निघायला हवेत. पुढे पातळ्यांचे आयुष्य मोजले गेले, तेव्हा अनेक केंद्रांत ते किरण अपेक्षेहून फार क्षीण आढळले. ज्या पातळ्यांना बीटा कंपन म्हटले गेले, त्यांपैकी खरी कंपने कोणती, यावर संशोधकांचे अजून एकमत नाही.