कातळावरचे पाऊल खरे कसे ओळखायचे?

सातारा-सांगलीकडच्या डोंगरात कातळावर पावलासारखा खळगा दिसला की कोणी म्हणतो भीमाचे पाऊल, कोणी म्हणतो देवाचे. आता शाळेतली मुले विचारतात, "डायनासोरचे असेल का?" मुलांचा प्रश्न आम्हाला आवडतो. तो तपासून तरी पाहता येतो.

पाऊल उमटायला ओला चिखल लागतो. तो वाळावा, त्यावर नवा गाळ बसावा आणि सगळ्याचा दगड व्हावा, तेव्हा ठसा टिकतो. आपला काळा दगड तर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या तापलेल्या लाव्हाचा. त्यावर कोण चालणार? भूकंपाच्या अभ्यासासाठी कोयनेजवळ रासाटीला खोल बोअर घेतली, तेव्हा सुमारे ९३० मीटर काळ्या दगडाखाली थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागला. मधे गाळाचा थर मिळालाच नाही. डोंगरावरचे खळगे पाण्याने आणि झिजेने झालेले आहेत.

खरे ठसे राजस्थानात जैसलमेरजवळ थईयात गावी २०१४ साली सापडले. आपल्या गडचिरोलीत सिरोंच्याकडे त्या प्राण्यांची हाडे मिळतात. पण हाडे मेलेल्या जनावराची, ठसा चालत्या जनावराचा. वजन कुठे पडले, पाय कुठे घसरला, हे ठशावरूनच कळते.

हे मोजायला आता संगणक मदत करतो. ठशाशेजारी पट्टी ठेवून चहूबाजूंनी बरेच फोटो काढतात. एकच खूण वेगवेगळ्या फोटोंत कुठे दिसते ते जुळवून संगणक खोलीसह हुबेहूब ठसा पडद्यावर उभा करतो. दगडाला धक्का लागत नाही.

अमेरिकेत टेक्सासमध्ये पॅलक्सी नदीच्या पात्रात १९४० साली रोलंड बर्ड यांनी लांब मानेच्या डायनासोरची आणि त्याच्या मागून गेलेल्या मांसाहारी डायनासोरची पावले उघडी केली. दगड कापून निरनिराळ्या ठिकाणी नेले, मधला काही भाग हरवला. बर्ड यांचे दोन नकाशेही एकमेकांशी जुळत नव्हते. मग पीटर फाल्किंगहॅम आणि सहकाऱ्यांनी त्या वेळचे १७ फोटो संगणकात घालून ती ४५ मीटरची वाट पुन्हा उभी केली. २०१४ साली ते काम प्रसिद्ध झाले. मागच्याने पाठलागच केला का, यावर मात्र अजून वाद आहे.

घरात साधा कॅमेऱ्याचा मोबाईल असेल तर मुलांना कृष्णाकाठच्या चिखलात म्हशीच्या खुराचा ठसा शोधू द्या. शेजारी पट्टी ठेवून भोवती फिरत वीस-तीस फोटो काढायचे. ते जुळवणारे फुकट प्रोग्रॅम मिळतात. म्हैस चालत होती की उभी होती, ते मुलांनाच सांगू द्या.