सिगार, पट्टी उतरवल्यावर

आपल्याकडे आकाशकंदील लागतात त्या दिवसांत क्यूबाच्या पश्चिम टोकाला तंबाखूची लावणी चालू असते. पिनार देल रिओ प्रांतातला वुएल्ता आबाहो हा तांबूस, रेताड जमिनीचा पट्टा. सप्टेंबरात वाफ्यावर टाकलेल्या बियांची रोपं दीड महिन्यात वीतभर होतात. ती ऑक्टोबरपासून शेतात जातात आणि जानेवारी ते मार्चमध्ये पानं खुडली जातात. युरोप-अमेरिकेत थंडीच्या रात्री लोक जेवण आटोपून सिगार पेटवतात, तेव्हा पुढच्या सिगारचं पान शेतात डोलत असतं. मात्र चांगल्या सिगारमध्ये जायला त्याला अजून दोन-तीन वर्षं तरी लागतात.

थंडी पडली की शौकिनांच्या बैठकीत एक वाद हमखास निघतो: क्यूबाचा सरस की निकाराग्वाचा? मला विचाराल तर देश अगदी शेवटी पाहावा. त्याआधी पाहण्यासारखं बरंच आहे.

सुरुवात झाडापासूनच करावी लागते. तंबाखूची पानं एकदम तोडत नाहीत. खालून वर, एका वेळी दोन-तीन, मध्ये काही दिवस जाऊ देत खुडतात. खालचं पान ‘व्होलादो’. ते सौम्य, पण झटकन पेटणारं. मधलं ‘सेको’, ते मुख्यतः वासासाठी. शेंड्याकडचं ‘लिहेरो’ भरपूर ऊन खाल्लेलं, म्हणून जाड, तेलकट, जोरदार आणि सावकाश जळणारं. एकाच झाडाची ही तीन पानं कोणत्या प्रमाणात घ्यायची, यावर सिगारचा स्वभाव ठरतो. वरून गुंडाळायचं पान मात्र वेगळ्या शेतातलं असतं. त्या शेतावर पातळ कापडाचा मांडव घालतात. सावलीत पान मोठं, तलम आणि ताण सोसणारं होतं.

खुडलेली पानं सुईदोऱ्याने ओवून लाकडी कोठारात सुमारे पन्नास दिवस टांगतात. वाळलेल्या पानांच्या थप्प्या रचल्या की त्या आतून तापू लागतात. लोणचं मुरावं तसं पान मुरतं आणि त्यातला अमोनिया निघून जातो. उष्णता फार वाढली की थप्पी मोडून वरखाली करून पुन्हा रचायची. इथे घाई झाली तर सिगार ओढणाऱ्याला घशात चरचर जाणवते, जिभेला टोचल्यासारखं होतं. पुष्कळजण याला ‘कडक माल’ म्हणून मान डोलावतात. तो कडक नसतो, कच्चा असतो.

वळणाऱ्या कारागिराला ‘तोर्सेदोर’ म्हणतात. त्याची हत्यारं मोजकी: लाकडी पाट, अर्धचंद्राच्या आकाराचं पातं (त्याला ‘चावेता’ म्हणतात) आणि वनस्पतीजन्य डिंकाची वाटी. सारणाची पानं तो एकावर एक चुण्या घालून मुठीत धरतो, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत हवेला वाट राहते. सावकाश जळणारं लिहेरो बरोबर मध्यावर हवं. ते एका अंगाला सरकलं की सिगार वाकडा जळतो, एक बाजू पुढे पळते आणि दुसरी तशीच राहते. सारणाभोवती बांधणीचं पान येतं. मग हा गठ्ठा लाकडी साच्यात दाबून ठेवतात आणि शेवटी वरचं पान ताणून तिरकं गुंडाळतात. चुणी जास्त आवळली तर ओढ बंद, सैल राहिली तर सिगार भडाभडा जळून चव कडवट. एकाच पेटीतले दोन सिगार वेगळे लागतात त्याचं कारण इथे, कारागिराच्या मुठीत आहे.

काम चालू असताना मंचावर बसलेला वाचक कारागिरांना वर्तमानपत्र आणि कादंबऱ्या वाचून दाखवतो. ही प्रथा 1865 पासूनची, हवानाच्या ‘एल फिगारो’ कारखान्यातली. 1935 मध्ये सुरू झालेल्या ‘मोंटेक्रिस्टो’ सिगारचं नाव अशाच वाचनातल्या, अलेक्झांडर द्युमाच्या कादंबरीवरून आलं आहे.

देशांचा गोंधळ 1960 मध्ये सुरू झाला. कास्त्रो सरकारने कारखाने ताब्यात घेतले. अनेक घराणी देश सोडून गेली आणि आपली विद्या सोबत घेऊन गेली. क्यूबन वाणाचं बियाणं डॉमिनिकन रिपब्लिक, होंडुरास, निकाराग्वा इथे रुजलं. फेब्रुवारी 1962 मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापार बंद केला. त्या आदेशावर सही करण्याच्या आदल्या संध्याकाळी अध्यक्ष केनेडींनी आपले प्रसिद्धी सचिव पिएर सालिंजर यांना हजारेक क्यूबन सिगार जमवायला सांगितलं, आणि सालिंजरांनी बाराशे आणले. हा किस्सा पुढे त्यांनीच सांगितला. परिणाम असा की आज ‘मोंटेक्रिस्टो’, ‘रोमिओ इ हुलिएता’, ‘कोहिबा’ ही नावं दोन-दोन आहेत: एक हवानाचं, दुसरं अमेरिकेच्या बाजारासाठी बहुतेक डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये वळलेलं. सिगारभोवतीच्या पट्टीवरचं नाव वाचून मत देणाऱ्याची इथेच फसगत होते.

तुलना करायची तर आधी आकार सारखा घ्यावा. सिगारची जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागात मोजतात. ‘रोबुस्तो’ 50 मापाचा आणि सुमारे 124 मिलिमीटर लांब असतो. तो तासाभरात संपतो, म्हणून मला सोयीचा वाटतो. तीन ठिकाणचे रोबुस्तो घ्यावेत: हवानाचा, निकाराग्वातल्या एस्तेलीचा आणि डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सान्तियागोचा. पट्ट्या दुसऱ्या कुणाला तरी काढायला सांगून नुसते आकडे घालून घ्यावेत. एका बैठकीत तिन्ही ओढू नयेत. टोकाकडे येताना निकोटीन आणि उष्णता साचत जाते, त्यामुळे एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात यांची तुलनाच होत नाही. रोज एक, त्याच वेळी, तसंच जेवण झाल्यावर. उपाशीपोटी ओढला तर घाम फुटतो, गरगरतं, आणि मग चवीचं काय कळणार?

झुरका मिनिटाला एक पुरे. धूर छातीत न घेता तोंडात घोळवायचा आणि त्यातला थोडा नाकावाटे सोडायचा, कारण जिभेपेक्षा नाकालाच जास्त कळतं. थंडीत सर्दीने नाक चोंदलं असेल तर तो दिवस सोडून द्यावा. जोर आणि चव या दोन गोष्टी वेगळ्या मांडाव्यात: जोर पायांत आणि पोटात जाणवतो, चव तोंडात. एस्तेलीच्या ज्वालामुखीच्या काळ्या मातीतलं पान बहुधा मिरमिरीत, भाजल्या कॉफीकडे झुकणारं. सान्तियागोकडचं मऊ, सुक्या मेव्यासारखं. हवानाच्या चांगल्या सिगारमध्ये ओलं लाकूड, चामडं, मधाचा पुसटसा गोडवा एकामागून एक येत राहतात; वाईट असेल तर ओढच बसत नाही. राख लांब टिकली तर सारणात अखंड पानं आहेत, चुरा नाही, एवढं नक्की समजतं. तिरुचिरापल्लीचा सिगार राखेवरून ओळखणारा शेरलॉक होम्स (1887) आपल्यात कुणी नाही.

थंडीत काळपट सिगारला मागणी वाढते, कारण काळा म्हणजे जोरदार अशी समजूत आहे. आमच्या एका बैठकीत पट्टी काढलेला काळाकुट्ट सिगार सगळ्यांनी पेटवण्याआधीच ‘जबरी’ ठरवला. निघाला सौम्य, किंचित गोडसर. काळा रंग वरच्या पानाला जास्त वेळ, जास्त उष्णतेत मुरवल्याने येतो. जोर असतो सारणातल्या लिहेरोत, आणि ते बाहेरून दिसत नाही.

सिगारला 65 ते 70 टक्के आर्द्रता आणि 18 ते 21 अंश तापमान मानवतं. मुंबईच्या पावसाळ्यात बुरशी धरते, तर पुण्या-नागपूरच्या कोरड्या थंडीत वरचं पान तडकतं. त्यासाठी लाकडी पेटी. तिचं ‘स्पॅनिश सीडर’ नावाचं लाकूड देवदाराचं नाही, कडुनिंबाच्या कुळातलं आहे. 24 अंशांच्या वर पारा गेला की तंबाखूतल्या किड्याची अंडी उबतात आणि पानाला टाचणीएवढी भोकं पडतात. थंडीचा त्यापुरता उपकारच.

धूर छातीत घेत नाहीत म्हणून सिगार निरुपद्रवी, हे मात्र खोटं. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कर्करोग त्यानेही होतो. एका मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाएवढी तंबाखू असू शकते. वर्षातून चार वेळा ओढणारा आणि रोज ओढणारा यांना एका पारड्यात कुणी घालू नये, पण धोका शून्यावर कधीच येत नाही.

राहिला नकली माल. परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांच्या सामानात काचेचं झाकण असलेली कोहिबाची पेटी अधूनमधून निघते, आणि यजमान ती कौतुकाने बैठकीच्या कपाटात मांडतात. काचेच्या झाकणाची पेटी हवानातून कधीच येत नाही. ती समुद्रकिनाऱ्यावर पर्यटकांना विकण्यासाठीच बनते, आणि आत बऱ्याचदा केळीच्या पानासकट काय वाट्टेल ते भरलेलं असतं.