सभा भरते, ती कुठे?

धाराशिव जिल्ह्यातल्या भूमला बाजार भरतो, शाळा भरते आणि दूध संस्थेची वार्षिक सभाही भरते. रांजण भरावा तशी सभा भरते! हे क्रियापद आपण इतक्या सहज वापरतो की त्यातली गंमत लक्षातच येत नाही. भरायला आधी काहीतरी रिकामं असावं लागतं. मग सभा म्हणजे जमलेली माणसं, की ती जमतात ती जागा?

दोन्ही. दुर्योधन ज्या मयसभेत पाण्याला जमीन आणि जमिनीला पाणी समजून फसला, ती मयासुराने बांधलेली वास्तू होती. संस्कृतात सभा म्हणजे माणसंही आणि त्यांचं दालनही. व्यापारी-कारागिरांच्या अशाच सभेला आपल्या मुलखात एक सुंदर शब्द होता : निगमसभा. निगम म्हणजे व्यापारी पेठ, आणि त्या पेठेतल्या व्यापाऱ्यांचा संघही.

हा शब्द आजही दगडावर वाचता येतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा प्राकृत लेख आहे. साल दिलं आहे ४२, अर्थात त्या काळच्या गणनेचं. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी उषवदाताने ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून दिले. ठेवले कुठे? जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघांकडे! एकीकडे २०००, दरमहा शेकडा एक दराने; दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. अशा ठेवीला लेखात ‘अक्षयनीवि’ म्हटलं आहे.

आता जरा हिशेब करू. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. लेख सांगतो, पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यावेत. वीस गुणिले बारा, बरोबर २४०! एका कार्षापणाचीही चूक नाही. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आज आपल्या वहीवर जुळतो, तेव्हा अंगावर काटा येतो.

आणि हा व्यवहार पक्का कसा झाला? लेखातच त्याची रीत आहे. निगमसभेत सगळं ‘श्रावित’ केलं, म्हणजे सर्वांना ऐकवलं, आणि फलकवारात, म्हणजे नोंदी ठेवण्याच्या जागी, रूढीप्रमाणे ‘निबद्ध’ केलं, म्हणजे नोंदवलं. आधी कानांवर, मग फलकावर. या ‘फलका’चाच वंशज आपल्या वर्गातला फळा!

व्यापारी-कारागिरांच्या अशा संघाला इंग्रजीत ‘गिल्ड’ म्हणतात. लंडनमधल्या प्रसिद्ध गिल्डहॉलच्या आजच्या इमारतीचं काम १४११ साली सुरू झालं. आपली निगमसभा त्याच्या हजाराहून अधिक वर्षं आधी गजबजलेली होती.

आपला धाराशिव जिल्हाही याच जगातला. इथलं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, अशी नोंद आहे. तिथलं साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांतून भडोच बंदराकडे जात असे. कापडाच्या ज्या व्यापारावर तगर नांदत होतं, त्याच व्यापारातले विणकर गोवर्धनला राजाच्या जावयाची ठेव सांभाळत होते.

म्हणून दूध संस्थेच्या सभेची विषयपत्रिका पुन्हा एकदा वाचावी. पहिलाच विषय असतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. वाचून, म्हणजे सर्वांना ऐकवून. आणि कायम, म्हणजे नोंद पक्की करून. श्रावित आणि निबद्ध! बचत गटाच्या बैठकीतही हेच घडतं. कर्ज कोणाला, किती, शेकडा किती दराने, हे सगळ्याजणींसमोर बोललं जातं आणि मग वहीत उतरतं.

सभा भरते ती नुसत्या खोलीत नव्हे. ती ऐकणाऱ्या कानांनी भरते. चारचौघांनी ऐकलेला शब्द एकट्याचा राहत नाही. त्याला साक्षीदार मिळतात, म्हणून तो पाळावा लागतो. भूमच्या एखाद्या सभेत सचिव उभे राहून इतिवृत्त वाचू लागतात, तेव्हा निगमसभेचीच रीत पुढे चाललेली असते.